फॅन फिरत होता, तरी गाडी हीट मारत होती

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ची, ८१,००० किलोमीटर झालेली. मालक मुलुंडचे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. तक्रार त्यांनी फोनवर एका दमात सांगितली: "हायवेला काही त्रास नाही, सिग्नलला उभी राहिली की काटा चढतो. फॅन तर सतत चालू आहे. आता तिसरा गॅरेजवाला म्हणतोय हेड उतरवावं लागेल. पंचवीस हजार सांगितलेत. काय करू?"

मी विचारलं, "काका, फॅन सतत चालू का आहे?"

"डायरेक्ट केलाय ना. चावी फिरवली की चालू."

भांडुपला माझं छोटं गॅरेज आहे आणि बहुतेक काम वायरिंगचं असतं. उन्हाळ्यात हीट मारणाऱ्या गाड्या रांगेनं येतात. त्यातल्या अर्ध्यांचं निदान फोनवरच होतं: रेडिएटरचा फॅन बंद, फ्यूज उडालेला, रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटलेला. या गाडीनं मात्र दोन दिवस घेतले, कारण इथे फॅन फिरत होता. जो तो बोनेट उघडून बघत होता, फॅन फिरताना दिसत होता, आणि तिथेच फॅनचं नाव यादीतून कटत होतं.

आधी काय काय झालं होतं

मार्चच्या सुरुवातीला पहिली तक्रार इंजिनाची नव्हती, एसीची होती. गाडी पळताना थंड, सिग्नलला उभी राहिली की कोमट. काका एसीवाल्याकडे गेले. त्यानं गॅस कमी आहे असं सांगून वरून गॅस मारून दिला. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मार्चच्या मध्यावर काटा हलायला लागला. पहिल्या गॅरेजनं थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) आणि कूलंट बदललं. फरक नाही. दुसऱ्यानं वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली (जुनी मला काकांनी डिकीतून काढून दाखवली, पंखे शाबूत, बेअरिंग ठीक, काही झालेलं नव्हतं तिला) आणि "फॅन उशिरा लागतो" म्हणून तो डायरेक्ट करून टाकला. म्हणजे फॅनच्या मोटरला रिले सोडून इग्निशनवरून वेगळी वायर दिली. काही दिवसांनी गाडी पुन्हा तापायला लागली. तिसऱ्यानं फॅन चालू, वॉल नवा, वॉटर बॉडी नवी असं बघून हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर, बोट ठेवलं. त्याचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. समोर जे मांडलं होतं त्यावरून दुसरं काय उरत होतं?

मग आला मंगळवार, १६ एप्रिल २०२४. त्या दिवशी सांताक्रूझला ३९.७ अंशांची नोंद झाली. समुद्रावरचं वारं दुपारी उशिरा सुटलं की मुंबई अशी भाजून निघते. काका-काकू सायनला कुणाला तरी भेटून एलबीएस मार्गानं परत येत होते. कुर्ल्याला ट्रॅफिक ठप्प. काटा वर जायला लागला तसा काकांना कुणाचा तरी सल्ला आठवला: हीटर लावा. सल्ला खरा आहे. हीटर म्हणजे गाडीच्या आतला एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओततो. पण एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, चारी काचा खाली, हीटर फुल, आणि काकू डोक्यावर ओला नॅपकीन घेऊन बसलेल्या, हे चित्र काकांनी सांगितलं तेव्हा माझ्याकडचा पोऱ्या तोंड फिरवून हसत होता. घाटकोपरच्या अलीकडे बोनेटमधून वाफ आली. गाडी टोचन करून घरी नेली. बुधवारी रामनवमी, गॅरेज बंद. गुरुवारी ती माझ्याकडे आली.

सकाळी नको, दुपारी आणा

काकांना सकाळी नऊला यायचं होतं, ऊन्ह व्हायच्या आत. मी म्हटलं, दीड वाजता या, आणि येताना एसी चालू ठेवा. वाटेत काटा वर सरकला तर थांबा आणि फोन करा. काकांना ते आवडलं नाही. पण आधीच्या तिघांनीही गाडी सकाळी बघितली होती: बोनेट उघडं, एसी बंद, गॅरेजच्या सावलीत. अशा वेळी रेडिएटरपुढची हवा तीस अंशांची असते आणि फॅनला अर्धंच काम असतं. जो आजार दुपारी होतो, तो दुपारीच बघायला हवा.

गाडी आल्यावर आधी हेड गॅस्केटचा विषय मिटवला, कारण काकांचा जीव त्यात अडकला होता. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत चहा झाला, जेवण झालं. गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही हे मी शिकलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, डाग डाव्या मनगटावर आहे. थंड झाल्यावर कॅप काढून गाडी चालू केली: बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, चहात दूध पडल्यासारखा रंग नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. वरचा होज चालू केल्यावर मिनिटभरात दगडासारखा टणक झाला नाही. यातलं एकेक लक्षण एकट्यानं काही सिद्ध करत नाही, पण चारही नाहीत म्हटल्यावर पंचवीस हजार रुपये खिशातच ठेवायला हरकत नव्हती.

त्यापेक्षा मोठा पुरावा काकांच्या पहिल्या वाक्यातच होता. हायवेला काही त्रास नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, वॉटर बॉडी पाणी ढकलत नसेल किंवा गॅस्केट उडालं असेल, तर गाडी जोर लावताना, चढाला, ऐंशीच्या वेगात जास्त तापते. ही गाडी मात्र ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागली की दोन-तीन मिनिटांत काटा खाली. पळताना समोरून वारा फुकट मिळतो, फॅनची गरजच पडत नाही. उभ्या गाडीला मात्र जो काही वारा आहे तो फॅनचाच. उभी तापते आणि पळताना निवते, म्हणजे दुखणं पाण्याचं नाही, वाऱ्याचं.

आणि मार्चमधली एसीची तक्रार तेच सांगत होती. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि दोघांना एकच फॅन वारा देतो. फॅन कमजोर झाला की आधी एसी रडतो, इंजिन नंतर. त्या एसीवाल्यानं गॅस मारण्याआधी फॅनकडे एकदा बघितलं असतं तर काकूंना नॅपकीन लागला नसता.

पण मग फॅन तर फिरतोय. डायरेक्ट आहे. कसं?

वर्तमानपत्राचं पान

पावणेतीनला गाडी गॅरेजच्या बाहेर उन्हात उभी केली. बोनेट बंद, एसी फुल, ब्लोअर चारवर. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघत बसलो. डॅशबोर्डच्या काट्यावर माझा विश्वास नसतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो ऐंशीपासून शंभरच्या पुढेपर्यंत मधोमध ठेवलेला असतो, मालकानं घाबरू नये म्हणून. तो हलायला लागतो तेव्हा प्रकरण हाताबाहेर जायला आलेलं असतं.

सावलीत तापमापक ३७ दाखवत होता. तोच जाळीपुढे धरला तर ४६. खाली वाकून बघितलं तर बंपरखालची प्लास्टिकची पट्टी गायब. ती पट्टी इंजिनखालची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येऊ देत नाही. उभ्या गाडीत ती नसेल तर रेडिएटर आपलाच उच्छ्वास परत ओढत राहतो. एक धागा सापडला, पण तेवढ्यावर गाडी उकळत नाही.

स्कॅनर: ९८, १०१, १०४. इन्फ्रारेड गन थर्मोस्टॅटच्या घरावर मारली: १०२. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता.

मग पोऱ्याला कालचा पेपर आणायला सांगितलं. एक पान जाळीवर धरून सोडलं. चांगला फॅन ते पान जाळीला चिकटवून ठेवतो. फॅन उलटा फिरत असेल तर पान बाहेर फेकलं जातं. मोटर बदलताना दोन वायरी उलटसुलट झाल्या की असं होतं आणि मग पळत्या गाडीत फॅन समोरच्या वाऱ्याशीच भांडतो. इथे पान फेकलं गेलं नाही आणि चिकटलंही नाही. क्षणभर जाळीला टेकलं, आणि घसरून जमिनीवर पडलं.

काका म्हणाले, "पण फिरतोय की."

फिरतोय. पण किती?

मीटर काय म्हणाला

आता वायरिंगकडे वळलो. फॅन चालू असतानाच बॅटरीवर मोजलं: १३.४ व्होल्ट. फॅनच्या कपलरवर, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवर, मागून पिन घालून: ९.३. मधले चार व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. क्लँप मीटरवर करंट ८.४ अँपिअर. या आकाराच्या फॅनला मी बारा ते पंधरा धरतो.

चार व्होल्ट कुठे गेले ते शोधायची पद्धत सोपी आहे आणि तरी ती कुणी वापरत नाही. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसवर ठेवायची, लाल वायर मोटरच्या अर्थ वायरवर. फॅन चालू. दोन्ही टोकं मायनसच आहेत, तेव्हा मीटरनं जवळपास शून्य दाखवायला हवं. पाव व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. मीटर २.९ म्हणाला. तसंच प्लसच्या बाजूनं मोजलं तर १.२. नऊ पूर्णांक तीन, दोन पूर्णांक नऊ, एक पूर्णांक दोन: हिशेब १३.४ला बसला. असा हिशेब बसला की मला रात्री झोप चांगली लागते.

फॅनची अर्थ वायर डाव्या हेडलाइटच्या मागे बॉडीला बोल्टनं आवळलेली होती. बोल्टला हात लावला आणि झटकन काढला. २.९ व्होल्ट गुणिले ८.४ अँपिअर म्हणजे २४ वॉट, सोल्डरिंगच्या एका इस्त्रीइतकी उष्णता त्या एका लगवर (वायरच्या टोकाची, बोल्टखाली आवळायची धातूची कडी), गाडी चालू असेपर्यंत. वायरचं रबर दोन इंचभर तपकिरी पडलं होतं.

आधीच्या तिघांपैकी निदान एकानं अर्थ तपासला होता, काकांना आठवत होतं: "मीटर टुंई वाजला, म्हणाला अर्थ ओके." टुंई वाजणारच. करंट २.९ व्होल्टला ८.४ म्हणजे त्या जोडाचा रेझिस्टन्स साधारण ०.३५ ओहम, आणि मीटरचा बजर वीस-तीस ओहमलाही खुशाल वाजतो. टेस्ट लँप लावला असता तरी तो लखलखीत पेटला असता. पाच वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढतो, तेवढ्या करंटला तिथे ०.१४ व्होल्ट पडतात, डोळ्याला फरक कळतच नाही. एका माणसाला पायवाट पुरते म्हणून तिथून वरात जाईल असं नाही. जोड तपासायचा तर त्यातून जितका करंट रोज जातो तितका जात असतानाच तपासायचा.

खात्री करायला गाडी चालू करायची जंप केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं फॅनच्या अर्थ वायरीला, गंजलेल्या बोल्टला वळसा घालून. फॅनचा आवाज तिथल्या तिथे बदलला. आतापर्यंत तो गुणगुणत होता, आता घोंघावायला लागला. स्कॅनरवर १०७ होतं. काका स्कॅनरकडे टक लावून बसले, जणू मॅचचा स्कोअर: १०६, १०५, १०३. चार मिनिटांत १०१. पेपरचं पान पुन्हा धरलं, चिकटलं. काकांनी ते स्वतः ओढून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

मी त्या दिवशी दुरुस्ती केली नाही. गाडी तशीच ठेवून घेतली, कारण मला बघायचं होतं की हे आधी कुणाला का दिसलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेआठला, गार गाडीवर, तोच अर्थ मोजला: १.४ व्होल्ट. वीस मिनिटं चालू ठेवल्यावर २.५. जोड तापतो, तापला की सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. सकाळी दहा मिनिटं बघणाऱ्याला अर्धाच दोष दिसतो.

कुर्ल्याचं पाणी

हे गंजलं कसं? बोल्ट सोडवला तेव्हा लगवर हिरवट-पांढरा थर होता. मुंबईच्या खाऱ्या हवेत थोडं हे होतंच, पण इतकं नाही. काकांना विचारलं, पावसात पाण्यात घातली होती का. आधी नाही म्हणाले. मग काकूंनी फोनवर आठवण करून दिली: गेल्या जुलैत, कुर्ल्याला कमानीजवळ, हेडलाइटपर्यंत पाणी. गाडी बंद पडली नव्हती म्हणून काकांच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

बंपर उतरवल्यावर बाकीचं दिसलं. बंपरखालची पट्टी त्याच पाण्यात गेली असणार, क्लिपा तुटलेल्या होत्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वाळलेला गाळ, मध्ये चिप्सच्या पाकिटाचा एक चंदेरी तुकडा. आतून बाहेरच्या दिशेनं, साध्या नळीनं, जोर न लावता धुतलं. प्रेशर पंपानं धुणाऱ्यांचा मला राग येतो. पातळ पत्र्या झोपतात आणि मग आयुष्यभर तिथून वारा जात नाही. खाली बादलीत जे साचलं ते एलबीएस मार्गावरचा अख्खा पावसाळा होता.

मग डायरेक्टची वायर काढली आणि मूळ वायरिंग जागेवर आणलं. इथे दुसरं प्रकरण बाहेर आलं. एसी लावला तरी फॅन सुरूच होईना. या गाडीत फॅनला दोन वेग आहेत. एसी लावला किंवा कूलंट ९६ला गेलं की लो, १०२ला हाय. लो स्पीडचा करंट एका रेझिस्टरमधून जातो. तो फॅनच्या चौकटीवर वाऱ्यात बसवलेला असतो, म्हणजे तापला तरी गार राहावा. त्याचं सर्किट तुटलं होतं. मीटरवर एक ओहमच्या आसपास दाखवायला हवा होता, अनंत दाखवत होता. तारेवर गाळ चिकटलेला, तिथेच जळून तुटलेली.

आता सगळी साखळी जुळली. जुलैत पाणी. हिवाळ्यात फॅनला फारसं काम नाही, म्हणून काही कळलं नाही. केव्हातरी रेझिस्टर गेला, लो स्पीड मेला. मार्चमध्ये ऊन्ह वाढलं तसा सिग्नलला एसी कोमट झाला. फॅन आता थेट १०२ला, हायमध्ये लागत होता. दुसऱ्या गॅरेजनं "फॅन उशिरा लागतो" हे अचूक ओळखलं होतं, फक्त का ते विचारलं नाही. डायरेक्ट केल्यावर लो-हायचा प्रश्न झाकला गेला, पण अर्थ तोच राहिला. आधी त्या गंजलेल्या लगमधून फॅन लागेल तेवढाच वेळ करंट जायचा. आता सकाळी गार गाडीतही, हायवेवर गरज नसतानाही, अखंड जायला लागला. महिनाभर त्या बोल्टवर इस्त्री ठेवल्यासारखं झालं. डायरेक्ट केल्यानंतर गाडी आठ-दहा दिवस बरी होती आणि मग पूर्वीपेक्षा वाईट झाली, असं काका म्हणत होते ते यासाठी.

शिवाय डायरेक्टची वायर बारीक होती, हॉर्नला वापरतात तसली. प्लसकडचे १.२ व्होल्ट काही तिनं आणि काही वितळलेल्या कपलरनं खाल्ले होते. कपलरची एक पिन प्लास्टिकमध्ये रुतून तिरकी झाली होती.

काय बदललं, काय नाही

लग नवा, तांब्याचा, दाबून आणि वर सोल्डर करून. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर. कपलर आणि रेझिस्टर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले. बंपरखालची पट्टीही तिथेच, जुनी पण धड. फॅनचा रिले काढून बघितला, पाय काळे नव्हते, तोच ठेवला. कॅपचं रबर चिरलेलं होतं, ती बदलली. हे छोटं काम लोक सोडून देतात. मुंबईत पाणी शंभरला उकळतं. कॅपनं ०.९ बारचा दाब धरला तर तेच पाणी एकशेअठराच्या आसपास उकळतं. कॅपनं दाब सोडला की हे अठरा अंश हातचे गेले. शिवाय मंगळवारी उकळल्यानंतर काकांनी नळाचं पाणी भरलं होतं. ते काढून पुन्हा कूलंट भरलं.

मोटरचा निर्णय मात्र सोपा नव्हता. ती पाण्यात बुडालेली होती, आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ठोकळे) थोडे घासलेले असणार, बेअरिंगला कान लावला तर किंचित खरखर. कुर्ल्याच्या दुकानदारानं नवा सेट दाखवला, स्वस्त होता. मी तिथेच बॅटरी मागून चालवून बघितला: ९ अँपिअर. काकांच्या जुन्या मोटरला नव्या अर्थवर कपलरपाशी १३.० व्होल्ट मिळत होते आणि ती १४ अँपिअर ओढत होती. आधी तिच्या वाट्याला ९.३ गुणिले ८.४ म्हणजे ७८ वॉट येत होते, आता १८२. डुप्लिकेट मोटर अँपिअर कमी ओढते हे दुकानदार गुण म्हणून सांगत होता. पण पात्याला वारा ढकलायला ताकद लागते, ती करंटमधूनच येते. अँपिअर कमी म्हणजे वारा कमी. जुनीच ठेवली. काकांना सांगितलं, एखाद-दोन उन्हाळे काढेल, आवाज वाढला तर मूळ कंपनीचीच घाला.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला गाडी त्याच जागी, त्याच उन्हात, बोनेट बंद, एसी फुल. लो स्पीड एसीसोबत लगेच लागला. तापमान चढत चढत ९९वर गेलं आणि तिथून पुढे सरकेना. अर्धा तास उभी ठेवली. जाळीपुढची हवा ४६वरून ४०वर आली होती, पट्टीची करामत.

एसी मात्र अजून मनासारखा नव्हता. शेजारच्या एसीवाल्याला गेज लावायला सांगितलं. सदतीस अंशांच्या हवेत हाय साइड (कंडेन्सरकडचा गॅसचा दाब) सव्वादोनशे पीएसआयच्या आसपास हवी, इथे २७५. वरून मारलेला गॅस. त्यानं सगळा काढून घेतला, बोनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका वजनावर भरला, तेव्हा २२०. जास्तीचा गॅस म्हणजे कंडेन्सरवर जास्तीचं ओझं, आणि कंडेन्सरमधून निघालेली गरम हवा पुढे रेडिएटरलाच मिळते.

शनिवारी मी स्वतः गाडी काढली. भांडुपवरून एलबीएस मार्गानं विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, सायन आणि तसाच परत, दुपारी. मेट्रोच्या बॅरिकेडमुळे घाटकोपरला दोन वेळा दहा-दहा मिनिटं एका जागी, बाजूला बेस्टची बस. स्कॅनरवर सगळ्यात वरचा आकडा दिसला तो १००. हाय स्पीडची गरजच पडली नाही. गॅरेजला परत आल्यावर एसी बंद करून मुद्दाम रेस देत १०२ला नेली, तेव्हा हाय लागला आणि ९७ला सुटला. म्हणजे तोही जिवंत.

बिल एसीच्या गॅससकट चार हजारांच्या आत झालं. तोवर काकांचे तीन ठिकाणी मिळून चौदा हजार गेले होते, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जळका लग मात्र मागून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तिसऱ्या गॅरेजवाल्याला दाखवायचा होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज काळजीचा. "अहो, तो फॅन पुन्हा बिघडला वाटतं. काल संध्याकाळी एसी बंद ठेवून सोसायटीच्या गेटपाशी उभा होतो. फॅन मिनिटभर चालतो आणि बंद पडतो. परत थोड्या वेळानं चालू, परत बंद. ही वहीत वेळा लिहून बसली होती."

"काटा?"

"काटा मधोमध."

"काका, तो बंद पडत नाहीये. काम झालं की थांबतोय."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ते काकूंना सांगताना ऐकू आलं, "तो म्हणतोय वही मिटव."